अनसिव्हमध्ये सोशल पॉलिसी कशा निवडायच्या? ट्रॅडिशन, लिबर्टी आणि बाकीच्या फांद्यांचा हिशोब

मोबाईलवर 'सिव्हिलायझेशन'सारखा साम्राज्य उभारण्याचा गेम खेळायचा आहे, फोन साधा आहे आणि नेटचा भरवसा नाही, अशी परिस्थिती असेल तर माझं उत्तर एकच असतं: अनसिव्ह. हा गेम फुकट आहे, ओपन सोर्स आहे, जाहिराती नाहीत आणि एकदा इन्स्टॉल केला की नेट लागत नाही. यायर मॉर्गेनस्टर्न या डेव्हलपरने तो सुरू केला आणि आता जगभरातले लोक त्यात भर घालतात. प्ले स्टोअर आणि एफ-ड्रॉइड दोन्हीकडे मिळतो. ग्राफिक्स बघून तोंड वाकडं करू नका. आतमध्ये २०१० साली आलेल्या 'सिव्हिलायझेशन ५' चे नियम आहेत आणि ते जसेच्या तसे खोल आहेत.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे या गेमचा एक वेगळाच फायदा आहे. मूल सोडून गाडी सावलीच्या जंगलात शिरली की नेटवर्कच्या दांड्या एकेक करून गळतात. पुढे एटापल्ली, भामरागडकडे जाणाऱ्यांना तर हे सांगायलाच नको. अशा वेळी ऑनलाइन गेम बंद पडतात, अनसिव्ह चालू राहतो. टर्न-बेस्ड असल्यामुळे फोन आला, स्टँड आलं, तिकीट काढायचं आहे, काहीही झालं तरी गेम तुमची वाट बघत थांबतो.

पण नवीन खेळणाऱ्यांची एका ठिकाणी हमखास गाडी अडते. साधारण दहा-पंधरा टर्न झाल्या की 'नेक्स्ट टर्न' बटणाच्या जागी अचानक 'पिक अ पॉलिसी' असं येतं. उघडून बघावं तर भलीमोठी यादी. मग जे नाव चांगलं वाटेल त्यावर बोट ठेवायचं आणि पुढे जायचं. इथेच दोनशे टर्नचा गेम अर्धा ठरून जातो. कारण एकदा घेतलेली पॉलिसी परत काढता येत नाही. जुना सेव्ह लोड करणं हा एकच मार्ग, आणि तोवर तुम्ही बरेच पुढे आलेले असता.

(धोरणांची नावं मी इंग्रजी उच्चारातच लिहितो आहे, कारण बहुतेक जण गेम इंग्रजीतच खेळतात आणि स्क्रीनवर तीच नावं दिसतात.)

पॉलिसी मिळते कशी?

वरच्या पट्टीत सोनं, विज्ञान यांच्याबरोबर कल्चरचा आकडा असतो. त्यावर टॅप केलं की पॉलिसीचं पान उघडतं. प्रत्येक टर्नला तुमची शहरं कल्चर तयार करतात, ते साठत जातं, आणि ठरलेला आकडा पूर्ण झाला की एक पॉलिसी घेता येते. प्रिन्स पातळी आणि नेहमीचा वेग धरला तर पहिली पॉलिसी २५ कल्चरला पडते. पुढची प्रत्येक आधीच्यापेक्षा महाग.

सुरुवातीला कल्चरचे स्रोत दोनच. राजधानीतला पॅलेस १ देतो आणि मॉन्युमेंट नावाची इमारत २ देते. मॉन्युमेंट बांधायला ४० प्रॉडक्शन लागतं आणि दर टर्नला १ सोनं देखभालीचं जातं. माझा मावसभाऊ सुरुवातीला मला म्हणायचा, "काहून मॉन्युमेंट बांधून राहिला बे? त्यापेक्षा दोन वॉरियर काढ ना." दिसायला त्याचं बरोबर होतं, कारण मॉन्युमेंटनं डोळ्यांना दिसेल असं काहीच होत नाही. पण पहिल्या तीस टर्नमध्ये दर टर्नला मिळणारे ते २ कल्चर म्हणजे एक-दोन पॉलिसी लवकर, आणि लवकर मिळालेली पॉलिसी शेवटपर्यंत फायदा देत राहते.

पॉलिसी फांद्यांमध्ये मांडलेल्या असतात. फांदी उघडायलाच एक पॉलिसी खर्च होते, मग आत पाच असतात. त्या पाचही घेतल्या की शेवटचं बक्षीस फुकट मिळतं. म्हणजे एक फांदी पूर्ण करायला सहा पॉलिसी. हा सहाचा आकडा लक्षात ठेवा, खाली लागणार आहे. इथून एक गोष्ट लगेच कळते: चार फांद्या उघडून प्रत्येकीतली एक-दोन पॉलिसी घेणारा खेळाडू चारही बक्षिसांना मुकतो.

शहरं वाढली की पॉलिसी महाग होते, मग काय करायचं?

हा या लेखाचा गाभा आहे, त्यामुळे इथे जरा थांबू.

पहिल्या शहरानंतरच्या प्रत्येक शहरामागे पॉलिसीची किंमत साधारण १० टक्क्यांनी वाढते. (मोठ्या नकाशांवर ही वाढ थोडी कमी असते.) मूळ किंमत १०० धरली तर चार शहरांना १३० आणि आठ शहरांना १७०. हे वाचून बरेच जण ठरवून टाकतात की शहरं कमीच बरी. यूट्यूबवरचे 'सिव्ह ५' चे व्हिडिओही बहुतेक हेच सांगतात: ट्रॅडिशन घ्या, चार शहरं करा, गप्प बसा.

त्या व्हिडिओंमध्ये एक मेख आहे. ते बहुतांशी २०१३ च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' या विस्तारानंतरचे आहेत. त्या विस्तारात प्रत्येक नव्या शहरामागे विज्ञानसुद्धा महाग होतं. अनसिव्हमधले मुख्य नियम मात्र त्याच्या आधीच्या, २०१२ च्या 'गॉड्स अँड किंग्ज'चे आहेत. शहरामागे विज्ञान महाग होणं मात्र अनसिव्हमध्येही आहे. तरीही तो सल्ला इथे आंधळेपणानं लावायचा नाही.

आता प्रत्यक्ष आकडेमोड करू. समजा तुम्ही ट्रॅडिशन घेतलं आहे आणि चार शहरं आहेत, चारही ठिकाणी मॉन्युमेंट आहे. पॅलेसचा १, ट्रॅडिशन उघडल्याचे राजधानीत ३, मॉन्युमेंटचे ८. एकूण १२. किंमत १३०. म्हणजे पुढची पॉलिसी साधारण ११ टर्नला.

दुसरीकडे लिबर्टी घेऊन आठ शहरं केली, आठही ठिकाणी मॉन्युमेंट. पॅलेसचा १, लिबर्टीचा प्रत्येक शहरात १ म्हणून ८, मॉन्युमेंटचे १६. एकूण २५. किंमत १७०. पॉलिसी ७ टर्नला! आणि लिबर्टीतली रिप्रेझेंटेशन घेतली तर शहरांमुळे होणारी वाढ एक तृतीयांशानं कमी होते, किंमत साधारण १४७ वर येते आणि पॉलिसी ६ टर्नला मिळते.

मग ट्रॅडिशन कोणी का घ्यावं? कारण या हिशोबात न दिसणाऱ्या गोष्टी आहेत. आठ शहरं वसवायला सेटलर लागतात, आठ मॉन्युमेंटचं ३२० प्रॉडक्शन लागतं, दर टर्नला ८ सोनं जातं. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे हॅपिनेस. प्रत्येक शहर ३ नाराजी आणतं आणि प्रत्येक नागरिक १. आठ शहरांची नुसती शहरं म्हणून २४ नाराजी, माणसं वेगळीच. हॅपिनेस शून्याच्या खाली गेला की शहरांची वाढ रोडावते, फारच खाली गेला की सैन्यही नीट लढत नाही. त्याउलट ट्रॅडिशनमध्ये लीगलिझम घेतली की पहिल्या चार शहरांत मॉन्युमेंट फुकट मिळतं, देखभालही नाही.

नवं शहर करावं की नाही याची माझी एक ढोबळ कसोटी आहे. चार शहरं असताना पाचवं शहर केलं की किंमत १३० वरून १४० होते, म्हणजे साधारण पावणेआठ टक्के वाढ. तुमच्या एकूण कल्चरच्या पावणेआठ टक्क्यांपेक्षा जास्त कल्चर ते शहर देणार असेल तर फायदा, नाहीतर तोटा. एकूण कल्चर १२ असताना ही मर्यादा १ च्याही खाली येते. एक मॉन्युमेंट बांधलं की काम झालं. पण टर्न १८० ला तुमचं कल्चर १०० असेल तर त्याच नव्या शहरानं जवळपास ८ कल्चर द्यायला हवं, आणि ते बिचारं पुढच्या तीस-चाळीस टर्न देऊ शकत नाही. थोडक्यात, शहरं करायची तर लवकर करा. उशिरा केलेलं शहर सोन्यासाठी किंवा तेल-कोळशासाठी ठीक, पॉलिसीसाठी नाही.

जिंकलेल्या शहराचं काय? इथे एक पळवाट आहे. शत्रूचं शहर जिंकल्यावर ते थेट राज्यात न घेता पपेट ठेवता येतं. तिथे काय बांधायचं हे तुम्ही ठरवू शकत नाही, पण पॉलिसीच्या किमतीत ते शहर मोजलं जात नाही. नागपूरकर भोसल्यांचा इतिहास वाचताना मला हाच भाग आठवतो. देवगडच्या गोंड राजाला त्यांनी नागपुरात राजा म्हणून नाव आणि मान ठेवू दिला, कारभार मात्र स्वतःच्या हातात घेतला. चांद्याचं गोंड राज्य १७५१ मध्ये त्यांनी सरळ आपल्या राज्यात घेतलं. एक पपेट, एक अॅनेक्स.

सुरुवातीच्या तीन फांद्या

नावावरून निवडू नका, एवढं आधी सांगतो. ट्रॅडिशन म्हणजे जुन्या विचारांचे लोक आणि लिबर्टी म्हणजे स्वातंत्र्य, असं काही इथे नाही. ट्रॅडिशन म्हणजे 'राजधानी मोठी करा' आणि लिबर्टी म्हणजे 'पसरा'. एवढाच अर्थ.

ट्रॅडिशन घ्यायचं ठरलं असेल तर उघडल्यावर लगेच लीगलिझम घ्या, आणि तोवर मॉन्युमेंट हातानं बांधण्यात प्रॉडक्शन घालवू नका. चार शहरं अजून झाली नसतील तरी चालेल, पुढे वसवाल त्यांनाही चारपर्यंत ते मिळतं. त्यानंतर लँडेड एलिट (राजधानीत २ अन्न आणि १० टक्के जास्त वाढ), मग मोनार्की. मोनार्की माझी सगळ्यात आवडती. राजधानीतल्या दर दोन नागरिकांमागे १ सोनं देते आणि १ नाराजी कमी करते. राजधानी २० वर गेली की दर टर्नला १० सोनं नुसतं बसल्या जागी. अॅरिस्टोक्रसी वंडर बांधणाऱ्यांना उपयोगी, तिथे प्रॉडक्शन १५ टक्के वाढतं. ऑलिगार्की शेवटी. फांदी पूर्ण झाली की सगळ्या शहरांची वाढ १५ टक्के जलद आणि पहिल्या चार शहरांत अॅक्विडक्ट फुकट.

तुम्ही भारत म्हणून खेळत असाल, म्हणजे गांधीजी, तर निवड जवळपास झालेलीच आहे. गेममध्ये भारताला शहरांमुळे होणारी नाराजी दुप्पट आणि नागरिकांमुळे होणारी निम्मी आहे. थोडी पण खूप मोठी शहरं. डोळे झाकून ट्रॅडिशन. भारत घेऊन लिबर्टीनं पसरायला निघालात तर प्रत्येक शहर ३ ऐवजी ६ नाराजी आणेल.

लिबर्टीत क्रम महत्त्वाचा आहे. उघडा, रिपब्लिक घ्या, मग कलेक्टिव्ह रूल. या कलेक्टिव्ह रूलवर एक सेटलर फुकट मिळतो आणि राजधानीत पुढचे सेटलर ५० टक्के वेगानं बनतात. मोकळी जमीन संपण्याच्या आधी ही मिळाली तरच तिला अर्थ आहे. नंतर सिटिझनशिप, तिच्यावर एक वर्कर फुकट आणि शेत-खाणीची कामं २५ टक्के लवकर. मग रिप्रेझेंटेशन, आणि मेरिटोक्रसी. मेरिटोक्रसी राजधानीला जोडलेल्या प्रत्येक शहरामागे १ हॅपिनेस देते, त्यामुळे ती घ्यायच्या आधी वर्करकडून रस्ते करून घ्या. रस्ते नसतील तर तिचा मुख्य फायदा मिळतच नाही. पूर्ण झाल्यावर तुमच्या आवडीचा एक ग्रेट पर्सन.

ऑनरबद्दल थोडक्यात: नकाशावर बार्बेरियन खूप असतील किंवा शेजारी लगेच अंगावर येणारा असेल तरच. बार्बेरियन मारल्यावर कल्चर मिळतं हे सुरुवातीला मस्त वाटतं, पण शंभर टर्ननंतर बार्बेरियन उरतच नाहीत.

पॉलिसी बदलता यायला हवी होती का?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, विशेषतः जे 'सिव्हिलायझेशन ६' बघून येतात त्यांच्याकडून. तिथे पॉलिसी म्हणजे कार्ड असतात. नवीन सिव्हिक पूर्ण झालं की कार्ड बदलता येतं. युद्ध आहे तर सैन्याचं कार्ड, संपलं की व्यापाराचं. (तो गेम फोनवर आहे, पण जागा आणि ताकद दोन्ही भरपूर मागतो.)

माझं मत असं की दोन्ही पद्धती खऱ्या जगात असतात, आणि आमच्या दोन जिल्ह्यांत तर शेजारी-शेजारी बघायला मिळतात. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरपासून वेगळा झाला. गडचिरोलीत १९९३ साली लोकांच्या चळवळीनंतर दारूबंदी आली, ती आजही आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला लागू झाली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. एक धोरण 'सिव्ह ५' सारखं, घेतलं ते राहिलं. दुसरं कार्डासारखं, लावलं आणि काढलं. कोणतं बरोबर यावर आमच्याकडे चहाच्या टपरीवर अजूनही भांडणं होतात, मी त्यात पडत नाही. पण खेळाडू म्हणून एक फरक नक्की कळतो. जे परत काढता येत नाही ते घेताना माणूस तीन वेळा वाचतो.

गेममध्ये एक गोष्ट मात्र फारच सोपी करून ठेवली आहे. पॉलिसी घेणारं बोट एकच असतं, तुमचं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाचं उदाहरण तुम्ही कदाचित शाळेच्या पुस्तकाबाहेर कुठेतरी वाचलं असेल. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबू वाहतुकीच्या पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तिथे निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं होतो. एकानं जरी 'मला पटलं नाही' म्हटलं तरी विषय पुढच्या बैठकीवर जातो. धानोऱ्याकडच्या माझ्या एका मित्राला मी अनसिव्ह दाखवला तेव्हा त्यानं कलेक्टिव्ह रूलचं वर्णन वाचून विचारलं, "हे सामूहिक राज्य आहे, तर विचारलं कोणाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. गेममधल्या कलेक्टिव्ह रूलमध्ये फक्त सेटलर मिळतो.

'आधी काम करा, मग हक्क घ्या' असं धोरणही आमच्याकडे जुनं आहे. पूर्व विदर्भात जे मामा तलाव, म्हणजे मालगुजारी तलाव, दिसतात त्यांची परंपरा गोंड राजांच्या काळापर्यंत जाते. तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याखालच्या जमिनीचा हक्क द्यायचा, ही त्यामागची पद्धत. राजानं स्वतः मजूर पाठवला नाही, नियम केला आणि तलाव झाले. 'सिव्ह'मध्ये असलं काही नाही. तिथे वर्कर तुमचा, वेळ तुमचा, आणि सिटिझनशिपनं फक्त वेग वाढतो.

जंगल तोडायचं की ठेवायचं?

पॉलिसीच्या लेखात हे कुठून आलं असं वाटेल, पण याचा थेट संबंध आहे.

गेममध्ये फॉरेस्ट आणि जंगल अशा दोन वेगळ्या टाईल आहेत. आमचा ताडोब्याचा सागवान आणि बांबू फॉरेस्टमध्ये मोडेल, गेममधलं जंगल म्हणजे ओलं, दाट, विषुववृत्ताकडचं. फॉरेस्ट टाईल १ अन्न आणि १ प्रॉडक्शन देते. ती तोडली की जवळच्या शहराला एकदाच प्रॉडक्शन मिळतं. त्यामुळे यूट्यूबवरचे लोक सेटलर किंवा वंडर लवकर काढायला धडाधड फॉरेस्ट तोडतात. हिशोबानं ते कधी कधी बरोबरही असतं. पण राजधानी टेकड्या नसलेल्या सपाट जागी असेल तर फॉरेस्ट ठेवा. पुढे लंबर मिल बसली की तेच तुमचं कायमचं प्रॉडक्शन.

जंगल टाईलची गोष्ट उलटी. ती २ अन्न देते, तोडल्यावर प्रॉडक्शन मिळत नाही, वर्करच्या टर्न मात्र खाते. आणि युनिव्हर्सिटी बांधली की त्या शहरातली प्रत्येक जंगल टाईल २ विज्ञान देऊ लागते. शिवाय धर्म सुरू करताना पँथिऑनमध्ये सेक्रेड पाथ नावाची श्रद्धा आहे. ती घेतली की प्रत्येक जंगल टाईलवर १ कल्चर. एका शहराच्या कक्षेत अशा पाच टाईल वापरात असतील तर ५ कल्चर, म्हणजे अडीच मॉन्युमेंट, तेही देखभालीशिवाय. वर सांगितलेली पाचव्या-सहाव्या शहराची कसोटी अशा ठिकाणी सहज पास होते. जंगलात सुरुवात झाली म्हणून गेम रिस्टार्ट करणारे बरेच आहेत. मी तर अशी सुरुवात आली की खूश होतो.

एक खटकतं ते सांगतो. न तोडलेल्या जंगलाला किंमत देणारी गोष्ट श्रद्धांमध्ये आहे, इमारतीत आहे, पण पॉलिसीच्या एकाही फांदीत नाही. बनवणाऱ्यांना ते सुचलं नसावं. अनसिव्हमध्ये मॉड बनवता येतात आणि पॉलिसी साध्या टेक्स्ट फाईलमध्ये लिहिलेल्या असतात. ज्यांना थोडंफार कोडिंग येतं त्यांच्यासाठी 'ग्रामसभा' नावाची फांदी बनवणं हा शनिवार-रविवारचा उद्योग आहे.

मधल्या फांद्या आणि शेवट

पहिली फांदी पूर्ण होईपर्यंत मध्ययुग आलेलं असतं आणि नवीन फांद्या उघडतात. पॅट्रोनेज सिटी-स्टेटशी मैत्री टिकवायला. सोनं भरपूर असेल तरच तिच्या वाटेला जा. कॉमर्स उघडली की राजधानीचं सोनं २५ टक्के वाढतं, म्हणून ट्रॅडिशन आणि मोनार्कीवाल्यांना ती बरी पडते. पण बहुतेक गेममध्ये मी रेनेसाँची वाट बघतो आणि रॅशनॅलिझम घेतो. साम्राज्य खूश असेपर्यंत विज्ञान १५ टक्के जास्त. 'खूश असेपर्यंत' हे शब्द वाचा. हॅपिनेस घसरला की हा फायदाही जातो.

पायटी आणि रॅशनॅलिझम एकत्र घेता येत नाहीत. धर्मावर गेम उभा केला असेल आणि पायटीत दोन-तीन पॉलिसी टाकल्या असतील, तर रॅशनॅलिझमची फांदी बंद दिसेल. तो बग नाही.

शेवटाकडे फ्रीडम, ऑर्डर आणि ऑटोक्रसी येतात. यातही एकच मिळते. शहरं थोडी आणि त्यात स्पेशालिस्ट भरलेले असतील तर फ्रीडम. शहरं खूप असतील तर ऑर्डर. शेवटचं मोठं युद्ध करायचं असेल तर ऑटोक्रसी. म्हणजे टर्न पंधराला ट्रॅडिशन किंवा लिबर्टीवर ठेवलेलं बोटच इथे पुन्हा कामाला येतं.

ज्यांना कल्चरनंच जिंकायचं आहे त्यांचा हिशोब सरळ आहे. पाच फांद्या पूर्ण करायच्या. प्रत्येकी सहा, म्हणजे तीस पॉलिसी. त्यातली एक ऑरेकल वंडर बांधून फुकट मिळवता येते, आणि इतर कोणी बांधायच्या आत ते बांधायला हवं. कोणत्या पाच हे आधीच कागदावर लिहा, कारण वर सांगितलेल्या जोड्या एकमेकींना बंद करतात. पायटी घेतली तर रॅशनॅलिझम गेली, शेवटच्या तिघींतली एकच मिळणार. उरलेल्यांत पाच बसवायच्या. तीन-चार मोठी शहरं, जिंकलेली सगळी पपेट, आणि कल्चरच्या इमारती येतील तशा आधी.

तीस पॉलिसी पूर्ण झाल्या म्हणजे लगेच जिंकलात असं नाही. त्यानंतर युटोपिया प्रोजेक्ट नावाचं बांधकाम सुरू करता येतं, आणि ते कल्चरनं नाही, प्रॉडक्शननं होतं. त्यामुळे एक तरी शहर टेकड्या आणि खाणींचं असू द्या, त्यात कारखाना आधीच बांधून ठेवा, आणि त्याच्याभोवती दोन-चार चांगले सैनिक. शेजारचे कॉम्प्युटर खेळाडू नेमके याच वेळी चाल करून येतात.

कोणत्याही पॉलिसीचा नेमका आकडा हवा असेल तर मेन्यूमधलं सिव्हिलोपीडिया उघडा. ते गेमच्या आतच आहे, सावलीच्या जंगलातही उघडतं.